स्टेट कुठे ठेवायचं आणि राउट कसे आखायचे: नाटकांच्या वेळापत्रकाचं अ‍ॅप बनवत शिकूया

रिअ‍ॅक्टचे बेसिक्स झाले, बटण दाबलं की आकडा वाढतो इथपर्यंत आलात आणि आता खरं अ‍ॅप बनवायचंय, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. या टप्प्यावर स्टेट (वेळेनुसार बदलणारी, लक्षात ठेवावी लागणारी माहिती) आणि राउटिंग (कुठल्या पत्त्यावर कुठलं पान दाखवायचं ते) या दोन गोष्टी एकदम अंगावर येतात, आणि बहुतेक कोर्समध्ये त्या दोन वेगळ्या धड्यांत शिकवतात म्हणून वाटतं की त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण राउट म्हणजे सुद्धा स्टेटच, फक्त ते ब्राउझरच्या वरच्या पट्टीत लिहिलेलं असतं. अ‍ॅपमधली कुठली माहिती कुठे राहणार हे आधी ठरवलं की राउटिंगचा अर्धा गुंता तिथेच सुटतो, आणि मग लायब्ररी कुठली हा प्रश्न बराच लहान होतो.

उदाहरणासाठी आपल्या गोव्यातलंच अ‍ॅप घेऊ. कांपालची कला अकादमी, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, मडगाव, साखळी, कुडचडे इथली रवींद्र भवनं, आणि शिवाय जत्रा-काल्याच्या दिवसांत गावोगाव देवळासमोरच्या मांडवात रात्री उशिरा सुरू होणारी नाटकं, एवढं सगळं चालू असतं आणि आज जवळपास कुठे काय आहे हे कळायचा मार्ग म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला पोस्टरचा फोटो. तर आपण प्रयोगांची यादी दाखवणारं अ‍ॅप करायचं. त्यात तालुक्याचा फिल्टर, तारखेचा फिल्टर, नावाने शोध, प्रत्येक प्रयोगाचं स्वतंत्र पान, 'मला बघायचंय' अशी खूण, आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना नवीन प्रयोग भरायला एक फॉर्म. लहान वाटतं, पण स्टेट आणि राउटिंगचे जवळजवळ सगळे प्रश्न यात येतात.

मी रिअ‍ॅक्ट, व्हीट (प्रोजेक्ट तयार करून चालवणारं साधन) आणि रिअ‍ॅक्ट राउटर धरून सांगतेय. व्ह्यू किंवा अँग्युलर वापरत असाल तर नावं बदलतील, ठरवायच्या गोष्टी त्याच. आणि एक, इथे पत्ते वाचायला सोपे जावेत म्हणून मी देवनागरीत लिहिलेत, तुमच्या कोडमध्ये ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच लिहा, कारण पुढे येईलच.

पहिली पायरी: एडिटर उघडायच्या आधी कागद

अ‍ॅपमध्ये जी जी माहिती वेळेनुसार बदलू शकते ती सगळी कागदावर एकाखाली एक लिहून काढा. निवडलेला तालुका, निवडलेली तारीख, शोधाचा शब्द, प्रयोगांची यादी, उघडलेला प्रयोग, मेनू उघडा आहे की बंद, फॉर्ममध्ये अर्धवट भरलेलं नाव, लॉगिन केलेला माणूस, खुणा केलेले प्रयोग, यादी लोड होतेय की नाही. मग प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न विचारा, ही माहिती नेमकी कोणाची?

उघडलेली स्क्रीन दुसऱ्याला लिंकने पाठवली तर त्याला तेच दिसायला हवं का? हो असेल तर ती माहिती यूआरएलची. तालुका, तारीख, शोधाचा शब्द, उघडलेला प्रयोग हे सगळं यात येतं, कारण कोणीतरी 'सत्तरीत या शनिवारी काय आहे बघ' म्हणून लिंक पाठवणार आणि उघडणाऱ्याला बाराही तालुक्यांची यादी दिसली तर लिंक पाठवून उपयोग काय.

ती माहिती मुळात दुसरीकडे डेटाबेसमध्ये आहे आणि आपल्याकडे फक्त तिची प्रत आहे का? मग ती सर्व्हरची. प्रयोगांची यादी ही अशी. आपण ती दाखवतो, मालक आपण नाही, आणि आपण बघत असतानाच तिकडे कोणी वेळ बदललेली असू शकते.

अ‍ॅपच्या लांब लांबच्या कोपऱ्यांना तीच गोष्ट लागते का? लॉगिन केलेला माणूस वरच्या पट्टीतही लागतो आणि फॉर्ममध्येही. 'मला बघायचंय'ची खूण यादीतही दिसते, प्रयोगाच्या पानावरही आणि वरच्या छोट्या आकड्यातही. ही सामायिक माहिती. आणि उरलं ते सगळं, मेनू उघडा की बंद, फॉर्ममधलं अर्धवट लिहिलेलं, हे ज्या त्या कंपोनंटचं घरचं. ते तिथेच राहू द्या.

ही चार घरं मी जाणूनबुजून याच क्रमाने सांगितली. वरून खाली विचारत यायचं, आणि पहिलं 'हो' आलं की थांबायचं. नवीन मुलं बहुतेकदा उलटं करतात, पहिल्याच दिवशी रिडक्स (सगळं स्टेट एका मध्यवर्ती स्टोअरमध्ये ठेवणारी लायब्ररी) बसवतात आणि मेनू उघडा की बंद हे सुद्धा त्यात टाकतात, आणि मग एक बटण चालवायला चार फाइल उघडाव्या लागतात. रिडक्स २०१५ मध्ये आलं तेव्हा सर्व्हरची माहिती सांभाळायला आजच्यासारखी वेगळी साधनं नव्हती, 'यूजस्टेट'सारखे हुक्सही नव्हते, ते २०१९ च्या फेब्रुवारीत रिअ‍ॅक्टच्या १६.८ आवृत्तीत आले. त्यामुळे त्या काळातली ट्युटोरियल्स सगळं एका स्टोअरमध्ये ठेवायला सांगतात. आज तसं करायची गरज नाही.

दुसरी पायरी: राउट आखणं

आता त्याच कागदावर पत्ते लिहा. आपल्या अ‍ॅपला एवढे पुरतात: मुख्य यादी /प्रयोग, एक प्रयोग /प्रयोग/१२, नवीन भरायचा फॉर्म /प्रयोग/नवीन, खुणा केलेले /माझे, आणि /लॉगिन. त्याशिवाय एक तारांकित राउट, म्हणजे कुठल्याच पत्त्याशी न जुळणारं काही आलं तर 'हे पान सापडलं नाही' दाखवणारा. तो बरेच जण विसरतात आणि मग चुकीच्या लिंकवर पांढरी स्क्रीन येते.

तालुका मात्र पत्त्याच्या मुख्य भागात घालू नका. /प्रयोग/फोंडा असं करावंसं वाटतं खरं, पण उद्या तारीख आली, परवा 'फक्त मोफत' आलं की कुठला भाग आधी कुठला नंतर असा घोळ सुरू होतो. माझा साधा नियम असा, की वस्तूची ओळख पत्त्याच्या मुख्य भागात आणि यादी कशी बघायची ते प्रश्नचिन्हाच्या नंतर. म्हणजे /प्रयोग?तालुका=फोंडा&तारीख=२०२६-०१-१७. प्रश्नचिन्हानंतरचे भाग कितीही वाढले, कमी झाले, उलटसुलट क्रमाने आले तरी पान तेच राहतं.

कोणाला शंका येईल की /प्रयोग/नवीन आणि /प्रयोग/१२ यांत राउटर गोंधळेल, 'नवीन' हाच क्रमांक समजेल. रिअ‍ॅक्ट राउटरच्या ६ व्या आवृत्तीपासून तसं होत नाही, जो राउट जास्त नेमका तो आधी जुळतो, तुम्ही कुठल्या क्रमाने लिहिलेत याने फरक पडत नाही. आवृत्तीवरून आठवलं, ६ वी आवृत्ती २०२१ च्या नोव्हेंबरात आली आणि तिने बरंच बदललं. कुठल्या व्हिडिओत 'स्विच' आणि 'यूजहिस्टरी' दिसलं तर तो ५ व्या आवृत्तीचा आहे, त्यांच्या जागी आता 'राउट्स' आणि 'यूजनॅव्हिगेट' आहेत. ७ वी आवृत्ती २०२४ च्या नोव्हेंबरात आली, तिच्यात 'डॉम' शेपटीवालं वेगळं पॅकेज घ्यावं लागत नाही, बहुतेक सगळं मूळ पॅकेजमधूनच मिळतं.

तिसरी पायरी: राउटर बसवणं

व्हीटने नवीन रिअ‍ॅक्ट प्रोजेक्ट तयार करा, क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपच्या मागे लागू नका, २०२५ च्या फेब्रुवारीत रिअ‍ॅक्टच्या टीमने नवीन अ‍ॅपसाठी ते वापरू नका असं अधिकृतपणे सांगितलंय. मग रिअ‍ॅक्ट राउटर घाला आणि 'क्रिएटब्राउझरराउटर' वापरून राउटची यादी एका फाइलमध्ये द्या. हा प्रकार निवडा असं मी मुद्दाम सांगते, कारण मागे गेल्यावर यादी होती त्याच जागी स्क्रोल ठेवणारा 'स्क्रोलरिस्टोरेशन' कंपोनंट नुसत्या साध्या 'ब्राउझरराउटर'मध्ये चालत नाही, आणि लांब यादीच्या अ‍ॅपमध्ये त्याची किंमत खूप आहे. खाली पस्तिसाव्या प्रयोगावर टॅप करून परत आलं आणि यादी पुन्हा वरून सुरू झाली तर मोबाइलवरचा माणूस वैतागून बंदच करतो.

सगळ्यात वर एक लेआउट कंपोनंट ठेवा, त्यात वरची पट्टी, खालचा मेनू, आणि मधे 'आउटलेट', म्हणजे त्या त्या राउटचं पान जिथे दिसतं ती जागा. आत कुठलंही पान बदललं तरी लेआउट तसाच राहतो, पुन्हा बनत नाही. पानांमधे जायला नेहमी 'लिंक' कंपोनंट वापरा, साधा अँकर टॅग नको. अँकर टॅगने ब्राउझर पूर्ण पान नव्याने आणतो आणि मेमरीतलं सगळं स्टेट पुसलं जातं, आणि मग माणूस तासभर शोधत बसतो की स्टेट का गेलं. फॉर्म सेव्ह झाल्यावर दुसरीकडे न्यायचं असेल, म्हणजे क्लिकशिवाय आपणच हलवायचं असेल, तेव्हा 'यूजनॅव्हिगेट'.

आत काय चालतं तेही थोडक्यात समजून घ्या, मग पुढचं जादू वाटत नाही. ब्राउझरकडे हिस्टरी एपीआय नावाची सोय आहे, तिच्यातल्या 'पुशस्टेट'ने पान न आणता वरच्या पट्टीतला पत्ता बदलता येतो आणि मागे-पुढेच्या यादीत एक नोंद वाढते. माणसाने मागे दाबलं की ब्राउझर 'पॉपस्टेट' नावाची घटना पाठवतो, राउटर ती ऐकतो आणि पत्त्याला जुळणारा कंपोनंट दाखवतो. बस एवढंच. राउटर म्हणजे पत्ता बघून कंपोनंट निवडणारा कोड.

चौथी पायरी: फिल्टर यूआरएलमध्ये, आणि इथे थोडा वेळ थांबा

'यूजसर्चपॅरम्स' हा हुक 'यूजस्टेट'सारखाच दिसतो, एक वाचायला आणि एक बदलायला. तालुक्याची ड्रॉपडाउन थेट त्याला जोडा. मधे वेगळं 'यूजस्टेट' ठेवून ते आणि यूआरएल एकमेकांशी जुळवत बसू नका, तीच माहिती दोन जागी राहिली की कधी ना कधी दोघांचं भांडण होणारच, मागे दाबल्यावर पत्ता फोंडा म्हणतो आणि ड्रॉपडाउन पेडणे दाखवते, हे त्यातूनच येतं.

बदलताना एक गोष्ट सांभाळा. नुसता नवीन ऑब्जेक्ट दिला की आधीचे सगळे पॅरम्स जातात, म्हणजे तालुका बदलला की तारीख गायब. म्हणून फंक्शन द्या, आधीचे पॅरम्स घ्या, त्यातला एकच बदला आणि परत करा. आणि हे फंक्शन 'यूजस्टेट'सारखं रांगेत थांबत नाही, एकाच क्लिकमध्ये दोनदा बोलावलं तर दुसऱ्याला पहिल्याचा बदल दिसत नाही, त्यामुळे तालुका आणि तारीख दोन्ही बदलायचं असेल तर एकाच कॉलमध्ये बदला.

मग येतो मागे जायच्या बटणाचा प्रश्न. तालुका बदलणं हा माणसाने मुद्दाम घेतलेला निर्णय, मागे दाबल्यावर आधीचा तालुका यावा असं त्याला वाटतं, तिथे नवीन नोंद होऊ द्या. पण शोधाच्या खोक्यात 'संगीत' असं टाइप करताना दर अक्षराला एक नोंद झाली तर मागे जायला पाच वेळा दाबावं लागेल, म्हणून तिथे 'रिप्लेस' हा पर्याय चालू करा, म्हणजे आहे तीच नोंद बदलते. आणि टाइप करणं थांबल्यावर साधारण ३०० मिलिसेकंद थांबून मगच यूआरएल बदला. टाइप होत असलेलं अक्षर तेवढ्यापुरतं कंपोनंटच्या स्टेटमध्ये राहिलं तर चालतं, ते अजून 'शोध' झालेलंच नाही.

आता आपल्या भाषेच्या खास अडचणी, या इंग्रजी ट्युटोरियल्समध्ये सापडत नाहीत म्हणून सविस्तर सांगते. यूआरएलमध्ये देवनागरी चालते, पण आतून प्रत्येक अक्षराचे, आणि काना-मात्रा-अनुस्वार यांचेसुद्धा, तीन-तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन चिन्हांत लिहिला जातो. 'फोंडा' या एवढ्याशा शब्दात पाच कोड आहेत, म्हणजे लिंक कॉपी केली की त्याची पंचेचाळीस चिन्हं. व्हॉट्सअ‍ॅपवर ती लिंक इतकी लांब आणि विचित्र दिसते की लोक फसवी समजून उघडतच नाहीत. म्हणून यूआरएलमध्ये तालुक्याचं छोटं रोमन नाव ठेवा आणि स्क्रीनवर दाखवताना त्याचं मराठी नाव एका तक्त्यातून काढा. शोधाचा शब्द मात्र माणूस मराठीत लिहिणार, तो तसाच जाऊ द्या, 'यूआरएलसर्चपॅरम्स' त्याचं एन्कोडिंग स्वतः करतं, तुम्ही हाताने करू नका, नाहीतर ते दोनदा होतं.

आकड्यांचं तर आणखी सांभाळावं लागतं. जावास्क्रिप्टला देवनागरी आकडे संख्या म्हणून कळत नाहीत, '१२' ला 'नंबर' मध्ये घातलं की 'नॅन' येतं. आणि मराठी लोकेल देऊन तारीख छापायला सांगितली की ब्राउझर ती देवनागरी आकड्यांत देतो, जे स्क्रीनवर अगदी छान दिसतं, पण तीच छापलेली तारीख कोणी यूआरएलमध्ये टाकली की परत वाचताना तारीख अवैध. दाखवायचं रूप वेगळं आणि साठवायचं वेगळं, हे पहिल्यापासून पाळा. साठवायचं नेहमी वर्ष-महिना-दिवस, इंग्रजी आकड्यांत.

तारखेतच आणखी एक खड्डा आहे. आजची तारीख काढायला बरेच जण 'टूआयएसओस्ट्रिंग' वापरतात आणि पहिली दहा अक्षरं कापून घेतात. ते फंक्शन जागतिक वेळेप्रमाणे तारीख देतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीपासून पहाटे ५:३० पर्यंत ते कालचीच तारीख सांगतं. ऑफिसच्या अ‍ॅपमध्ये हे वर्षभर कोणाच्या लक्षात येणार नाही, पण जत्रेतलं नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि माणूस साडेबाराला मांडवात बसून उद्याचा प्रयोग शोधत असतो. तेव्हा वर्ष, महिना, दिवस हे स्थानिक वेळेतून वेगवेगळे काढून जोडा, आणि महिना शून्यापासून मोजला जातो हे लक्षात ठेवून एक मिळवा.

'यूजपॅरम्स'मधून येणारा प्रयोगाचा क्रमांक ही नेहमी स्ट्रिंग असते, डेटातला क्रमांक संख्या असेल तर तीन बरोबर चिन्हांनी तुलना केल्यावर कधीच जुळणार नाही. आणि यूआरएल ही कोणीही हाताने बदलू शकतो, त्यामुळे तिथून आलेलं काहीही तपासल्याशिवाय वापरू नका, न ओळखलेला तालुका आला तर सरळ 'सर्व' समजा.

पाचवी पायरी: कंपोनंटचं घरचं स्टेट

इथे तीनच गोष्टी सांगते, कारण बाकीचं तुम्हाला येतं. एक, 'यूजस्टेट'ची किंमत बदलली की ती लगेच पुढच्या ओळीत दिसत नाही, त्या रेंडरमध्ये जुनीच किंमत राहते, नवीन पुढच्या रेंडरमध्ये येते. आधीच्या किंमतीवरून नवी काढायची असेल तर सेट फंक्शनला फंक्शन द्या. दोन, अ‍ॅरेत 'पुश' करून तोच अ‍ॅरे परत सेट केला तर रिअ‍ॅक्टला बदल कळत नाही, कारण तो आतलं तपासत नाही, वस्तू तीच आहे का एवढंच बघतो. नवीन अ‍ॅरे बनवा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जे हातातल्या दुसऱ्या माहितीवरून काढता येतं ते स्टेटमध्ये ठेवू नका. फिल्टर केलेली यादी हे स्टेट नाही, पूर्ण यादी आणि यूआरएलमधला तालुका हातात असताना ती दर रेंडरला काढता येते. 'एकूण किती प्रयोग' हेही स्टेट नाही. नवशिक्यांच्या कोडमध्ये 'यूजइफेक्ट'ची जी गर्दी दिसते त्यातले बरेचसे इफेक्ट म्हणजे एका स्टेटवरून दुसरं स्टेट भरणं असतं, आणि ते सगळे काढून टाकता येतात. यादी खरंच हजारोंची झाली आणि मोबाइल अडखळायला लागला तर 'यूजमेमो' आहे, पण आधी मोजून बघा.

राउटिंगशी जोडलेली एक गंमतही इथेच सांगते. /प्रयोग/१२ वरून /प्रयोग/१३ वर गेलं की राउट तोच, म्हणून रिअ‍ॅक्ट तोच कंपोनंट ठेवतो आणि त्यातलं 'यूजस्टेट' जसंच्या तसं राहतं. पहिल्या प्रयोगावर 'कलाकार दाखवा' उघडलेलं असेल तर दुसऱ्यावरही उघडंच. तसं नको असेल तर त्या कंपोनंटला 'की' म्हणून प्रयोगाचा क्रमांक द्या, क्रमांक बदलला की कंपोनंट नव्याने सुरू होतो.

सहावी पायरी: सर्व्हरची माहिती

यादी आणताना लोड होतेय, आली, फसली अशा अवस्था असतात, आणि त्यांच्यासाठी तीन वेगळे खरे-खोटे झेंडे ठेवले की एकाच वेळी 'लोड होतेय' आणि 'फसली' दोन्ही खरं होऊन बसतं. एकच 'अवस्था' ठेवा. आली पण रिकामी आहे ही गोष्टही वेगळी दाखवा, 'या दिवशी काणकोणात प्रयोग नाही' असं लिहिलेलं दिसलं तर माणसाला उत्तर मिळतं, रिकामी स्क्रीन दिसली तर त्याला वाटतं अ‍ॅप बंद पडलं.

मग शर्यतीचा प्रश्न. कोणी आधी सांगे निवडलं आणि लगेच केपे, दोन विनंत्या गेल्या, आणि नेटवर्क कमी असताना सांग्याचं उत्तर उशिरा आलं तर ते केप्याच्या उत्तरावर येऊन बसतं, वर तालुका केपे आणि खाली यादी सांग्याची. आतल्या गावांत रेंज येत-जात असते तिथे हे नक्की घडतं. उपाय म्हणजे इफेक्टच्या क्लीनअपमध्ये 'अ‍ॅबॉर्टकंट्रोलर'ने जुनी विनंती रद्द करणं. डेव्हलपमेंटमध्ये विनंती दोनदा गेलेली दिसली तर घाबरू नका, स्ट्रिक्ट मोड इफेक्ट मुद्दाम दोनदा चालवतो, क्लीनअप नीट लिहिलंय की नाही ते कळावं म्हणून.

हे सगळं एकदा हाताने लिहा, समजण्यासाठी. त्यानंतर टॅनस्टॅक क्वेरी ही सर्व्हरची माहिती सांभाळणारी लायब्ररी घ्या. ती शर्यत सांभाळते, आणलेली माहिती कॅशमध्ये ठेवते, मागे आलं की आधीची यादी लगेच दाखवून मागून ताजी आणते. फक्त तिच्या 'क्वेरी की'मध्ये, म्हणजे कॅशमधल्या नोंदीच्या ओळखीत, तालुका, तारीख, शोध हे सगळं घाला. ते तुम्ही यूआरएलमधूनच वाचता, म्हणजे यूआरएल बदलली की ही 'की' बदलते आणि 'की' बदलली की योग्य यादी येते, मधे एकही इफेक्ट नाही. मला या मांडणीतलं सगळ्यात आवडणारं ठिकाण हेच, कारण इथे स्टेट आणि राउटिंग वेगळे राहतच नाहीत. आणि तिथून आलेली यादी परत 'यूजस्टेट'मध्ये किंवा स्टोअरमध्ये कॉपी करू नका.

सातवी पायरी: सामायिक स्टेट

एवढं झाल्यावर मागे वळून कागद बघा, सामायिक म्हणून उरलं काय? लॉगिन आणि खुणा. दोनच. लॉगिनसाठी कॉन्टेक्स्ट (वर ठेवलेली किंमत खालच्या कुठल्याही कंपोनंटला वाचू देणारी रिअ‍ॅक्टची सोय) पुरतो, तो क्वचित बदलतो. कॉन्टेक्स्टची अडचण अशी की त्यातली किंमत बदलली की तो वाचणारे सगळे कंपोनंट पुन्हा रेंडर होतात, त्यामुळे सतत बदलणाऱ्या गोष्टी त्यात नकोत. खुणांसाठी झुस्टँड ही छोटी स्टोअर लायब्ररी घ्या, थोड्या ओळींचं काम आहे आणि कंपोनंट हवा तेवढाच तुकडा वाचू शकतो. रिडक्स टूलकिट मोठ्या टीमला, जिथे प्रत्येक बदलाचा माग ठेवायचा असतो, तिथे छान आहे, आणि नोकरीच्या मुलाखतीत विचारतातही, म्हणून नंतर नक्की शिका.

खुणा रिफ्रेशनंतरही राहायला हव्यात, तर त्या लोकलस्टोरेजमध्ये ठेवा. तिथे फक्त स्ट्रिंग राहते म्हणून जेसॉन करून टाका, वाचताना ट्राय-कॅच घाला, आणि प्रयोगाची पूर्ण माहिती न ठेवता नुसते क्रमांक ठेवा, कारण मंडळाने वेळ बदलली तर जुनी वेळ तुमच्याकडे अडकून राहील. लॉगिनचं टोकन मात्र तिथे ठेवणं टाळा, पानात घुसलेली कुठलीही परकी स्क्रिप्ट ते वाचू शकते. सर्व्हरने दिलेली एचटीटीपी-ओन्ली कुकी जास्त सुरक्षित.

फॉर्मचं पान लॉगिनशिवाय दिसू नये म्हणून त्याच्यावर एक पालक राउट ठेवा, लॉगिन असेल तर 'आउटलेट', नसेल तर /लॉगिन कडे पाठवा, आणि पाठवताना माणूस कुठे चालला होता तो पत्ता सोबत द्या, म्हणजे लॉगिननंतर तिथेच नेता येईल. लॉगिन आहे की नाही हे अजून कळायचंय अशी तिसरी अवस्थाही असते, ती विसरलं की रिफ्रेश केल्यावर क्षणभर लॉगिनचं पान चमकून जातं. आणि हे फक्त दाखवण्यापुरतं आहे हं, ब्राउझरमधला कोड कोणीही बदलू शकतो, खरी परवानगी सर्व्हरनेच तपासायची.

आठवी पायरी: तपासणी आणि डिप्लॉय

तपासायला फार काही लागत नाही. तालुका, तारीख, शोध तिन्ही लावा, लिंक कॉपी करा आणि प्रायव्हेट विंडोत उघडा, तेच दिसायला हवं. एका प्रयोगावर जा, मागे या, फिल्टर आणि स्क्रोल दोन्ही जागेवर हवेत. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क मुद्दाम स्लो करून पटापट तालुके बदला. क्रमांकाच्या जागी अक्षरं टाकून बघा. आणि फॉर्म अर्धा भरून मागे दाबा, लिहिलेलं गपचूप जात असेल तर 'यूजब्लॉकर'ने आधी विचारा.

डिप्लॉय केल्यावर, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर चढवल्यावर, पहिली तक्रार ठरलेली असते, मुख्य पान उघडतं पण /प्रयोग/१२ वर रिफ्रेश केलं की ४०४. तुमच्या मशीनवर हे दिसत नाही, कारण व्हीटचा सर्व्हर न सापडलेल्या पत्त्यालाही इंडेक्स फाइलच देतो. खऱ्या सर्व्हरला मात्र तसं सांगावं लागतं, त्याच्याकडे त्या नावाची फाइल नसते. एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर 'ट्राय फाइल्स'च्या ओळीत शेवटी इंडेक्स फाइल द्या, नेटलिफायवर 'रीडायरेक्ट्स' फाइलमध्ये सगळे पत्ते इंडेक्सकडे २०० या कोडने वळवा. गिटहब पेजेसवर अशी सोय नाही, तिथे इंडेक्स फाइलचीच प्रत ४०४ च्या नावाने ठेवतात, पान चालतं पण सर्व्हर ४०४ हाच कोड पाठवत राहतो, त्यामुळे गुगलमध्ये यायचं असेल तर ती जागा निवडू नका. शिकण्यापुरती निवडलीच तर तिथे प्रोजेक्ट उपफोल्डरमध्ये बसतो, म्हणून व्हीटमधला 'बेस' आणि राउटरचा 'बेसनेम' दोन्हीकडे त्या फोल्डरचं नाव द्या, नाहीतर एकतर फाइली सापडत नाहीत किंवा सगळेच पत्ते तारांकित राउटवर जाऊन पडतात.